न्यायमूर्तींच्या दालनातील उमेदवारी

कायद्याची पदवी मिळाल्यानंतर न्यायालयात, पण वकिलांच्या बाकावर न बसता न्यायासनामागच्या दालनात, वर्षभर काम करता येते ही गोष्ट मोठ्या शहरांतील मोजक्या विधी महाविद्यालयांबाहेर अजून फारशी ठाऊक नाही. आणि ज्यांच्या कानावर ती आली आहे, त्यांच्याही मनात ‘लॉ क्लार्क’ या नावाने बराच घोळ घातलेला असतो. मराठी घरात क्लार्क म्हणजे कारकून, आणि पाच वर्षे कायदा शिकून शेवटी कारकुनीच करायची का, हा पालकांचा प्रश्न त्या शब्दातूनच उगवतो. न्यायालयाच्या आवारात या नावाची माणसे तीन प्रकारची असतात. पहिला वकिलाचा कारकून, जो दाव्याचे कागद दाखल करतो आणि तारखांचा हिशेब ठेवतो. दुसरा न्यायालयाच्या आस्थापनेवरील लिपिक. आणि तिसरा, या लेखाचा विषय असलेला, न्यायमूर्तींना अभ्यासात साहाय्य करणारा तरुण विधी पदवीधर. सर्वोच्च न्यायालय त्याला ‘लॉ क्लार्क-कम-रिसर्च असोसिएट’ म्हणते. दुसऱ्या दिवशीच्या बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीवर, असलेल्या प्रकरणांच्या फायली वाचून त्यांचा गोषवारा काढणे, उपस्थित होणाऱ्या कायद्याच्या प्रश्नावर आधीचे निकाल शोधणे, निकालपत्राच्या मसुद्यातील संदर्भ मूळ ग्रंथाशी ताडून पाहणे ही त्याची कामे. निर्णय मात्र सर्वस्वी न्यायमूर्तींचा असतो.

न्यायाधीशाच्या शेजारी विद्वान साहाय्यक असावा, ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. कंपनी सरकारच्या न्यायालयांत हिंदू कायद्यावर मत देण्यासाठी शास्त्री किंवा पंडित आणि मुसलमानी कायद्यासाठी काझी किंवा मौलवी नेमलेले असत, व ही पदे 1864 च्या कायद्याने रद्द होईपर्यंत त्यांच्या अभिप्रायाला मोठे वजन होते. आजचा लॉ क्लार्क मात्र त्या परंपरेचा वारस नव्हे. त्याचे मूळ अमेरिकेत आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीश होरेस ग्रे यांनी 1875 च्या सुमारास हार्वर्डच्या ताज्या पदवीधरांना साहाय्यक म्हणून घेण्यास सुरुवात केली आणि 1882 मध्ये ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा ही प्रथाही सोबत नेली. आरंभीची वर्षे हा खर्च त्यांनी स्वतःच्या खिशातून केला. साहाय्यकांची निवड हार्वर्डमध्ये प्राध्यापक असलेले त्यांचे सावत्र बंधू जॉन चिपमन ग्रे करीत. मॅसॅच्युसेट्समध्ये ग्रे यांच्या हाताखाली काम केलेले लुई ब्रँडाइस 1916 मध्ये स्वतः सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. या व्यवस्थेत गुणवत्ता होती यात शंका नाही, पण प्राध्यापकाच्या ओळखीने न्यायाधीशाच्या दालनाचे दार उघडते हेही तिच्या जन्मापासूनचे लक्षण आहे, आणि दीडशे वर्षांनंतर मार्गदर्शनाचा सारा प्रश्न या ओळखीच्या भोवतीच घुटमळतो.

अमेरिकेत या नेमणुकांसाठी पुढे एवढी चढाओढ लागली की न्यायाधीश विद्यार्थ्यांना अधिकाधिक लवकर, पुरेसे गुण हाती येण्याआधीच, निवडू लागले. या घाईला आळा घालण्यासाठी 2003 मध्ये अमलात आलेली वेळापत्रकाची योजना 2013 च्या सुमारास कोसळली आणि 2018 मध्ये नवी योजना प्रायोगिक म्हणून सुरू करावी लागली. तेथील विधी महाविद्यालयांत केवळ या नेमणुकांसाठी सल्लागार असतात आणि कोणत्या न्यायाधीशाकडे अर्ज करावा, तो केव्हा करावा, शिफारस कोणाची घ्यावी यावर त्यांचा बहुतेक वेळ जातो. भारतात मार्गदर्शनाचे काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होते, कारण अशी वाट अस्तित्वात आहे हेच बहुसंख्य विद्यार्थ्यांना अंतिम वर्ष संपेपर्यंत कळलेले नसते.

सर्वोच्च न्यायालयात पूर्वी ठरावीक विधी महाविद्यालयांच्या शिफारशींवर आणि न्यायमूर्तींच्या पसंतीवर या नेमणुका बऱ्याच अंशी अवलंबून असत. आता त्यासाठी जाहिरात निघते आणि परीक्षा होते. 2025 च्या जाहिरातीत सुमारे 90 जागा होत्या व 9 मार्च 2025 रोजी देशातील 23 शहरांत परीक्षा झाली. तिचे तीन टप्पे असतात: पहिला बहुपर्यायी प्रश्नांचा, ज्यात कायद्याचे ज्ञान आणि उताऱ्याचे आकलन तपासले जाते, दुसरा लेखनाचा, ज्यात विश्लेषणाची आणि इंग्रजी लिहिण्याची क्षमता जोखली जाते, आणि तिसरा मुलाखतीचा. 20 ते 32 या वयोगटातील विधी पदवीधर, तसेच पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या पाचव्या किंवा तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षातील विद्यार्थी अर्ज करू शकतात, मात्र कामावर रुजू होताना पदवीचा पुरावा द्यावा लागतो. नेमणूक कंत्राटी व अल्पमुदतीची असून मानधन दरमहा 80,000 रुपये ठेवलेले होते. मुंबई उच्च न्यायालयही मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद येथील न्यायमूर्तींसाठी लॉ क्लार्कच्या जागा वेळोवेळी जाहीर करते. 2025 च्या आरंभीच्या जाहिरातीत मानधन दरमहा 65,000 रुपये होते. वयाच्या, गुणांच्या आणि मुदतीच्या अटी दर वेळी बदलू शकतात, म्हणून वरच्या वर्गातील विद्यार्थ्याकडून ऐकलेल्या माहितीपेक्षा न्यायालयाच्या संकेतस्थळावरील मूळ जाहिरात वाचण्याची सवय लावणे हा मार्गदर्शकाचा पहिला धडा ठरतो. ज्याला जाहिरातीतील अटी काळजीपूर्वक वाचता येत नाहीत, त्याला निकालपत्र वाचायला कोण देईल?

लॉ क्लार्कच्या आधीची पायरी म्हणजे इंटर्नशिप, म्हणजेच शिकत असतानाचा काही आठवड्यांचा अनुभव. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे असा अनुभव घ्यावा लागतो. तो वकील, न्यायसंस्था, स्वयंसेवी संस्था, कंपन्या, विधिमंडळ किंवा स्थानिक स्वराज्य संस्था यांपैकी कोठेही घेता येतो, मात्र एका शैक्षणिक वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक काळ घेता येत नाही. काळा कोट, पांढरा शर्ट आणि काळा टाय हा पोशाखही नियमांतच आहे. वकिलाचे पांढरे बँड आणि गाऊन विद्यार्थ्याने घालायचे नसतात. प्रत्यक्षात अनेक महाविद्यालयांत हे आठवडे ओळखीच्या वकिलाकडून प्रमाणपत्र आणून ‘भरले’ जातात. प्रमाणपत्र मिळते, फाइल पूर्ण होते, आणि विद्यार्थ्याने सत्र न्यायालयातील एकही उलटतपासणी शेवटपर्यंत ऐकलेली नसते.

न्यायमूर्तींकडील इंटर्नशिपसाठी परीक्षा नसते. साधारणपणे न्यायमूर्तींच्या दालनाकडे किंवा न्यायालयाच्या प्रबंधक कार्यालयाकडे, काही वेळा महाविद्यालयामार्फत, अर्ज जातो. त्यासोबत एक पानी परिचयपत्र, कोणते आठवडे मोकळे आहेत याचा उल्लेख आणि लेखनाचा एखादा नमुना असतो, आणि मानधन बहुधा नसते. वकिलाच्या घरात वाढलेल्या मुलाला यातले काही शिकवावे लागत नाही. अर्जात न्यायमूर्तींना कसे संबोधावे, उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत न्यायालयाचे कामकाज कसे असते, कोणत्या महिन्यात अर्जांची गर्दी होते, उत्तर न आल्यास स्मरणपत्र किती दिवसांनी पाठवावे, हे सारे त्याने जेवणाच्या पानावर ऐकलेले असते. ज्याच्या घरात कोर्टाचा उंबरा ओलांडणे म्हणजे संकट मानले जाते, त्या विद्यार्थ्याला हे कोणीतरी मुद्दाम सांगावे लागते, आणि महाविद्यालयातील मार्गदर्शन कक्षाचे खरे प्रयोजन हे आहे: काही घरांत फुकट मिळणारी माहिती सर्वांना मिळावी. परिचयपत्राचे साचे वाटणे आणि यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे फलकावर लावणे ही त्याची सोपी, दिखाऊ बाजू झाली.

या मार्गदर्शनाचा गाभा मात्र माहितीच्या पलीकडे, लेखनात आहे. लॉ क्लार्कच्या कामाचा मोठा भाग म्हणजे शेकडो पानांचे पेपरबुक, म्हणजे अपिलासाठी एकत्र बांधलेली कागदपत्रे, दोन-तीन पानांत आणणे. सर्वोच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद 136 खाली विशेष अनुमती याचिका येतात. हे अपील हक्काने मिळत नाही, न्यायालयाची परवानगी लागते, आणि ती द्यावी की नाही हे ठरवण्यासाठी एका दिवसात एका खंडपीठापुढे अशी पन्नास-साठ प्रकरणेही असू शकतात. अशा दिवसाच्या आदल्या रात्री न्यायमूर्तींना हवी असलेली टिपणी निबंधासारखी असून चालत नाही, आणि महाविद्यालयीन परीक्षेने तर विद्यार्थ्याला अनेक वर्षे निबंधच लिहायला लावलेले असतात.

हा फरक एका नेहमीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. सातारा किंवा सोलापूर जिल्ह्यातील शेतजमिनीचा वाद कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात सुरू होतो, जिल्हा न्यायालयात पहिले अपील होते, आणि हरलेला पक्ष उच्च न्यायालयात दुसरे अपील दाखल करतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 प्रमाणे दुसरे अपील केवळ ‘कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न’ असेल तरच ऐकता येते. जमीन कोण कसत होते, बांध कोणी कोरला, साक्षीदार खरे बोलला की खोटे, या वस्तुस्थितीच्या बाबी खालच्या दोन न्यायालयांत सहसा मिटलेल्या मानल्या जातात. नवशिक्या विद्यार्थ्याची टिपणी आजोबांच्या वाटणीपासून सुरू होते आणि तीन पाने झाली तरी कुटुंबाच्या वंशावळीतच असते. सरावलेला साहाय्यक पहिल्या वाक्यात प्रश्न मांडतो: वादीची मालकी केवळ सातबारा उताऱ्यावर आणि फेरफार नोंदीवर आधारलेली असताना खालच्या न्यायालयाने ती सिद्ध मानली, हे कायद्याला धरून आहे काय? मग तो सांगतो की महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाते, परंतु महसुली नोंद स्वतः मालकी हक्क निर्माण करीत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा स्पष्ट केले आहे. त्यानंतर दोन्ही न्यायालयांनी यावर काय म्हटले ते पृष्ठक्रमांकासह, मालकीचा दुसरा काही पुरावा, जसे खरेदीखत किंवा वाटणीपत्र, नस्तीत आहे का ते, आणि प्रतिवादीने बारा वर्षांहून अधिक काळच्या प्रतिकूल कब्जाचा, म्हणजे मालकाच्या हक्काला उघड झुगारून केलेल्या वहिवाटीचा, बचाव घेतला असल्यास तो कोणत्या तारखेपासून मोजायचा ते. वंशावळ लागलीच तर शेवटी चार ओळींत येते. मत विचारले असेल तरच द्यायचे, आणि दिले तर आपल्या मताविरुद्ध जाणारा निकाल आधी नोंदवायचा.

आधीचा निकाल वापरतानाही एक शिस्त लागते, जी वर्गात व्याख्येपुरतीच शिकवली जाते. निकालातील ज्या तत्त्वावर निर्णय उभा असतो ते ‘रेशो’, म्हणजे निर्णयाचा आधार, तेवढे पुढच्या न्यायालयांवर बंधनकारक असते. न्यायमूर्तींनी जाता जाता केलेले विवेचन, ज्याला ‘ऑबिटर’ म्हणतात, त्याला मान असला तरी तसे बंधन नसते. शोधयंत्रात शब्द टाकून हाती आलेला परिच्छेद यांपैकी कोणता, तो निकाल पुढे मोठ्या खंडपीठाने फिरवला का, वस्तुस्थिती जुळते का, हे पाहिल्याखेरीज तो टिपणीत घालणे धोक्याचे असते. या अभ्यासासाठी पूर्वी महागडे अहवालखंड किंवा वर्गणीची संगणकीय ग्रंथालये लागत, आणि तालुक्याच्या गावातील महाविद्यालय तेथेच मागे पडे. जानेवारी 2023 पासून सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ‘ई-एससीआर’ या सेवेवर विनामूल्य मिळू लागल्याने ही सबब पुष्कळशी संपली आहे. एका आठवड्यात एक निकाल वाचून त्याची एक पानी टिपणी करणे आणि ती कोणाकडून तरी तपासून घेणे, एवढा सराव दोन वर्षे झाला तर लेखी परीक्षेच्या शिकवणी वर्गांना फारसे काम उरणार नाही.

भाषेच्या बाबतीत मराठी विद्यार्थ्यांच्या मनात एक न्यूनगंड असतो, आणि तो अर्धाच खरा आहे. अनुच्छेद 348 मुळे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, तेव्हा नेमके, साधे आणि व्याकरणशुद्ध इंग्रजी लिहिता येणे अपरिहार्य आहे. मराठी माध्यमातून आलेल्याने ते पहिल्या वर्षापासून कमवायलाच हवे. परंतु महाराष्ट्रातील जिल्हा आणि तालुका न्यायालयांचे बरेच दप्तर मराठीत असते. पंचनामा, फिर्याद, साक्षीदाराचा जबाब, तलाठ्याचा अहवाल, बक्षीसपत्र, सातबारा यांची भाषा केवळ मराठी नव्हे, तर दप्तरी मराठी असते, आणि ‘कुळ’, ‘इनाम’, ‘वहिवाट’, ‘नजराणा’, ‘गटवारी’ हे शब्द भाषांतरात हमखास पातळ होतात. मुंबई उच्च न्यायालयातील फौजदारी अपिलात फिर्यादीच्या मूळ मराठी जबाबातील एखाद्या क्रियापदावर सारा युक्तिवाद फिरू शकतो. हे मूळ कागद सहज वाचणारा साहाय्यक दालनात असणे ही मोठी सोय आहे. कुळकायद्याचे कागद घरात पाहिलेला ग्रामीण विद्यार्थी आपल्या परिचयपत्रात हे लिहीत नाही, कारण ते कौशल्य आहे असे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

हे वर्ष संपल्यावर पुढे काय, याचा विचार अर्ज करण्याआधी व्हायला हवा. काहीजण वकिलीकडे वळतात, काही विदेशी विद्यापीठांत एलएलएम करतात, काही अध्यापनात जातात. या काळात वकिली करता येत नसल्याने न्यायमूर्तींच्या दालनात घालवलेले वर्ष अशिलांच्या हिशेबात मागे पडते, आणि दिल्ली किंवा मुंबईचे घरभाडे मानधनातला मोठा वाटा खाते. ज्येष्ठ वकिलाकडे नवख्याला मिळणारे पैसे पाहता तरीही हा व्यवहार अनेकांना परवडतो. न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्यांसाठी अलीकडे एक नवे कारण निर्माण झाले आहे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट 2002 मध्ये शिथिल झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 रोजी ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या प्रकरणात ती पुन्हा लागू करताना, देशातील कोणत्याही न्यायाधीशाकडे लॉ क्लार्क म्हणून मिळवलेला अनुभव या तीन वर्षांत धरावा, असे सांगितले. त्यामुळे पदवीनंतर थेट परीक्षेची तयारी करण्याचा बेत आखलेल्या विद्यार्थ्यांना दालनातील वर्ष आता वाया गेल्यासारखे वाटण्याचे कारण नाही. तरीही तीनही वर्षे दालनातच काढणे शहाणपणाचे वाटत नाही. ज्याने कधी साक्षीदाराला प्रश्न विचारलेला नाही, अशिलाला वाईट बातमी सांगितलेली नाही, त्याच्या न्यायबुद्धीत एक पोकळी राहते, आणि अनुभवाची अट परत आणण्यामागचा विचारही याच दिशेचा होता.

मार्गदर्शनात हमखास राहून जाणारा विषय म्हणजे दालनातील आचार. फायलीतील मजकूर, न्यायमूर्तींशी झालेली चर्चा, निकालाचा मसुदा हे सारे गोपनीय असते, आणि ही गोपनीयता मुदत संपल्यावरही संपत नाही. लोकलच्या डब्यातील गप्पा, वर्गमित्रांचा व्हॉट्सॲप गट, पक्षकाराच्या वकिलाकडील ओळखीचा चहा, यांतून गळलेली एखादी ओळही प्रकरणाचे नुकसान करू शकते. न्यायालयाचे कागद कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सार्वजनिक साधनांत टाकून गोषवारा काढून घेण्याचा मोह तर आता प्रत्येक विद्यार्थ्याच्या बोटांशी आहे. केरळ उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये जिल्हा न्यायव्यवस्थेसाठी अशा साधनांच्या वापरावर धोरण जाहीर केले, यावरून या मोहाची न्यायव्यवस्थेने किती गांभीर्याने दखल घेतली ते दिसते. दुसरी बाजू विद्यार्थ्याच्या संरक्षणाची आहे. बंद दालन, अत्यंत अधिकारसंपन्न व्यक्ती आणि तिच्या शिफारसपत्रावर भवितव्य टांगलेला विशीतील तरुण किंवा तरुणी, या नात्यात सत्तेचे अंतर फार मोठे असते. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये आपल्या आवारातील स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या प्रतिबंधासाठी स्वतंत्र विनियम केले. तक्रार कोठे करायची, हे प्रत्येक विद्यार्थिनीला पहिल्या दिवसापूर्वी माहीत असले पाहिजे; ते सांगायला संकोच करणारा मार्गदर्शक आपले काम अर्धवट टाकतो.

ज्यांना उच्च न्यायालय लांब वाटते त्यांच्यासाठी जिल्हा न्यायालय आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ही जवळची दारे आहेत. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखालील मोफत साहाय्य आणि लोकअदालतींचे काम पाहताना तडजोड कशी घडते, पक्षकार न्यायाधीशापुढे नेमके कोणत्या शब्दांत आपली अडचण मांडतो, हे जे दिसते ते पेपरबुकात येत नाही. पश्चिम महाराष्ट्र आणि दक्षिण कोकणाचे अंतर तर आता खरोखरच कमी झाले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात काम करू लागले आहे, आणि ज्या सुनावणीसाठी पूर्वी रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठावी लागे, ती आता सकाळच्या एसटीने येऊन ऐकता येते. खुल्या न्यायालयात मागच्या बाकावर बसायला अर्ज, गुणपत्रिका किंवा ओळख लागत नाही. त्या दिवसाच्या बोर्डाची प्रत हाती घेऊन, एकेका प्रकरणात न्यायमूर्तींनी वकिलाला पहिला प्रश्न कोणता विचारला एवढे वहीत टिपले, तरी टिपणीचे पहिले वाक्य कसे असावे याचा अंदाज दुपारपर्यंत येऊ लागतो.